रेडिएटर मोठा केला आणि गाडी जास्तच तापली

चढ लागला, गाडी तिसऱ्यात टाकली, की माझा एक डोळा रस्त्यावर आणि एक तापमानाच्या काट्यावर. ९०, ९५, १००. चढ संपेपर्यंत काटा १०८ वर. मग इंजिनाची थोडी उष्णता काढून घ्यायला हीटर पूर्ण उघडायचा, काचा खाली करायच्या आणि घामाघूम होत उताराची वाट बघायची. जुन्या गाड्यांची हौस असणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. माझ्या बाबतीत मात्र ते मीच हौसेनं ओढवून घेतलं होतं.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी, मागच्या चाकांवर चालणारी छोटी सेडान. तिचं मूळचं ११०० सीसीचं इंजिन काढून मी १६०० सीसीचं, कार्ब्युरेटरवालं इंजिन बसवलं. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते तिचे ढोबळमानानं तीन हिस्से धरले, तर एक चाकांच्या कामी येतो, एक सायलेन्सरमधून जातो आणि एक इंजिन गार करणाऱ्या पाण्याच्या गळ्यात पडतो. म्हणजे ताकद वाढली की पाण्यावरचं ओझंही वाढलंच. गाडीचं नाक मात्र होतं तेवढंच राहिलं.

मी केलं ते कोणीही करेल तेच. ते पाणी वाऱ्यानं गार करणारा जुना तांबे-पितळेचा रेडिएटर काढला आणि ५६ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा बसवला. नवं इंजिन लांब असल्यामुळे त्याचा पट्ट्यावर फिरणारा पंखा आधीच काढून टाकावा लागला होता, म्हणून रेडिएटरच्या पुढे, ग्रिलच्या मागे, एक इलेक्ट्रिक पंखा लावला. गर्दीत थोडा फरक पडला. मोकळ्या रस्त्यावर मात्र पूर्वी १०२ ला थांबणारा काटा १०८ ला जायला लागला. महिनाभर माझा विश्वासच बसेना.

लहानपणापासून ज्यांच्या हाताखाली पाने धुतले, त्या मेस्त्रीकाकांना शेवटी गाडी दाखवली. ते आता काम करत नाहीत, पण बॉनेट उघडलं की त्यांना खुर्चीत बसवत नाही.

"काका, रेडिएटर एवढा मोठा केला तरी तापते."

"वारा आत घेतोस ते दिसलं. तो जातो कुठे, ते बघितलंस का?"

त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि ग्रिलमधून आत बघायला लावलं. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं फट. वरच्या पट्टीखाली तर अख्खा तळहात जाईल एवढी जागा. "तू वारा असतास," काका म्हणाले, "तर त्या बारीक जाळीत डोकं खुपसलं असतंस, का या दारातून गेला असतास?"

त्या संध्याकाळी ठरवलं, आता मोजल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही.

आधी काटा खरं बोलतो का ते पाहिलं. सेन्सर काढून उकळत्या पाण्यात थर्मामीटरशेजारी धरला, तर काटा तीन अंश जास्त दाखवत होता. म्हणजे माझे १०८ खरे १०५ होते. यापुढचे आकडे हे तीन अंश वजा करूनच देतो. मग चढावर गाडी बाजूला घेऊन, इंजिन चालू ठेवून, लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन रेडिएटरवर धरली. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन सपशेल खोटं बोलते, त्यामुळे रेडिएटरच्या दोन्ही टोकांच्या टाक्यांवर आधीच काळ्या टेपचे तुकडे चिकटवले होते. पाणी येतं तिथे १०४, जातं तिथे ९९. फरक फक्त पाच अंश, आणि काटा अजून चढतोच आहे. पाण्याचा प्रवाह कमी असता तर हा फरक मोठा दिसला असता, कारण रेडिएटरमध्ये रेंगाळलेलं पाणी चांगलंच गार होऊन बाहेर पडतं. इथे पाणी भरपूर फिरत होतं, त्याची उष्णता उचलून न्यायला वाराच नव्हता. जाळीवर कुठे गार पट्टाही सापडला नाही, म्हणजे आतल्या नळ्या तुंबलेल्या नव्हत्या.

आता वारा मोजायचा कसा? त्याला काही महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी घेतली, यू आकारात पट्टीवर बांधली आणि तिच्यात शाई घातलेलं पाणी भरलं. एक टोक ग्रिल आणि रेडिएटरच्या मधे, दुसरं रेडिएटर आणि इंजिनाच्या मधे. दोन्ही टोकांना स्पंजचे तुकडे, म्हणजे वाऱ्याचा थेट झोत नळीत घुसत नाही. पट्टी धाकट्या भावाच्या मांडीवर. मी वेग ८० ला धरून ठेवायचा आणि त्यानं दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाचायचा. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणारा वारा पूर्ण अडवला, तर त्याचा दाब जेमतेम ३० मिलिमीटर पाण्याएवढा भरतो. आपल्याकडे भांडवल एवढंच. त्यातला रेडिएटरच्या आरपार किती पडतो, हा सगळा प्रश्न.

"किती?"

"सहा. दादा, ब्रेक नको मारूस, शाई सांडेल."

तिसात सहा. बाकीचा वारा फटींतून निसटत होता, नाहीतर बॉनेटखाली साठून पुढच्या वाऱ्यालाच आडवा येत होता. जाड रेडिएटरनं उलटा परिणाम का केला, तेही इथे उलगडलं. जाळी जितकी जाड, तितकी ती वाऱ्याला जास्त अडवते. अडला की वारा फटीचा रस्ता धरतो. शिवाय जाळीच्या मागच्या भागाला मिळतो तो पुढच्या भागानं आधीच तापवलेला वारा. त्यात पुढे लावलेल्या पंख्याची मोटर आणि पाती मधोमध ठाण मांडून बसलेली.

दोन रविवार फटी बुजवण्यात गेले. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा कापून ग्रिलपासून रेडिएटरच्या चारही कडांपर्यंत भिंती उभ्या केल्या आणि कडांना दाराला लावतात तसली फोमची पट्टी चिकटवली. ग्रिलचं तोंड रेडिएटरपेक्षा लहान आहे याची मला काळजी वाटत होती, पण ती उगाच होती. लहान तोंडातून आत आलेला वारा पसरत्या बोगद्यात हळू होतो आणि त्याचा दाब वाढतो, जाळीला तेच हवं असतं. विमानांमध्ये ही गोष्ट फार आधी कामाला लावली गेली. इंग्लंडच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधल्या मेरेडिथनं १९३५ साली याचा हिशेब मांडला आणि स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या पंखांखालचे रेडिएटर त्याच तत्त्वावर बसवले गेले. माझ्या पत्र्याच्या कामाला त्या पंगतीत बसवत नाही, पण नळी ११ मिलिमीटर दाखवायला लागली आणि चढावरचा आकडा ९९ वर आला.

इथे एक चूक केली, तीही सांगतो. बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून काचेकडची कड दोन बोटं उचलायची, म्हणजे गरम हवा तिथून निघून जाते, हा सल्ला मला निदान पाच जणांनी दिला होता. दिसायलाही रुबाबदार दिसतं. केलं. गाडी उभी असताना फटीवर हात धरला की खरंच भट्टीसारखी हवा यायची. पण ८० च्या वेगाला नळीवर ११ चे ८ झाले! फटीच्या कडेला लोकरीचे तुकडे चिकटवले आणि भावाला बघायला सांगितलं. सगळे धागे आत, इंजिनाकडे ओढले गेलेले. पुढच्या काचेच्या पायथ्याशी वारा आपटून थांबतो, तिथे दाब जास्त असतो. केबिनमध्ये हवा घ्यायची जाळीही तिथेच असते, ती काही उगाच नव्हे. मी वाऱ्याला बाहेरचा रस्ता द्यायला गेलो आणि आत यायला आणखी एक दार उघडून बसलो. वॉशर त्याच दिवशी काढले. हवा बाहेर काढायच्या झडपा बॉनेटवर हव्याच असतील, तर त्या पुढच्या अर्ध्या भागात, रेडिएटरच्या जरा मागे कापाव्या लागतात. मूळ बॉनेटला करवत लावायचं माझं काही धाडस झालं नाही.

मग पंखा. तो पुढून काढून मागे लावायचा, म्हणजे ढकलण्याऐवजी ओढेल. इंजिन आणि रेडिएटरच्या मधे सात सेंटिमीटर जागा होती, बारीक मोटरचा पंखा बसत होता. नवा कशाला घ्या, म्हणून जुनाच फिरवला आणि वारा उलटा वाहावा म्हणून दोन तारांची अदलाबदल केली. पंखा फिरला, आवाजही झाला. पण रेडिएटरसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं तर ते जाळीला चिकटेना, नुसतं थरथरून खाली पडलं. पात्यांना बाक असतो. ती उलटी फिरवली की वाऱ्याला कापतात कमी आणि ढवळतात जास्त. ओढणारा पंखा शेवटी घ्यावाच लागला. तो लावल्यावर पान जाळीच्या मधोमध फाटकन चिकटलं, कोपरे मात्र लोंबकळतच राहिले.

त्या लोंबणाऱ्या कोपऱ्यांनी पुढचं काम दाखवलं. जाळी ५० बाय ४० सेंटिमीटर, म्हणजे २००० चौरस सेंटिमीटर. पंखा ३५ सेंटिमीटर व्यासाचा, त्याचं वर्तुळ साधारण ९६०. गाडी उभी असताना अर्धा रेडिएटर नुसता शोभेला! म्हणून मागच्या बाजूला पाच सेंटिमीटर खोल पत्र्याची पेटी केली, श्राउड म्हणतात ती, आणि पंखा तिच्या तोंडावर बसवला. पेटीमुळे पंखा सगळ्या जाळीतून ओढतो. आता वर्तमानपत्राचं पान चारही कोपऱ्यांनिशी चिकटलं. वेगात मात्र हीच पेटी वारा अडवते, नळी १० वर उतरली. त्यावर उपाय म्हणजे पेटीच्या कोपऱ्यांत भोकं पाडून त्यांवर टायरच्या ट्यूबचे पडदे लावले, फक्त वरच्या कडेला रिव्हेट मारून. पंखा ओढतो तेव्हा पडदे चिकटून बसतात, वेगात वाऱ्यानं उघडतात. आकडा १२.

पंख्याची वायरिंगही तेव्हाच बदलली. पंख्याच्या टोकाशी मीटर लावला तर जेमतेम १०.९ व्होल्ट, बाकीचे डॅशबोर्डच्या बटणापर्यंत जाऊन येणाऱ्या बारीक तारेनं खाल्लेले. रिले, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर बॅटरीतून थेट वीज जोडणारा स्विच, आणि जाड तार घातल्यावर १३.४ मिळाले आणि पंख्याचा सूरच बदलला. त्याचा तापमानावर चालणारा स्विच ८० अंशांवर लावलेला होता, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, मात्र ८२ ला उघडायला सुरुवात करतो. म्हणजे पंखा एकदा सुरू झाला की इंजिन बंद होईपर्यंत सुट्टी नाही. आता तो ९४ ला सुरू होतो, ८८ ला बंद.

सगळ्यात स्वस्त काम सगळ्यात शेवटी सुचलं. रेडिएटरच्या खालच्या आडव्या बीमला, गाडीच्या पूर्ण रुंदीत, सहा सेंटिमीटर उंचीची रबराची पट्टी लावली. ती खालून जाणारा वारा अडवते, तिच्या मागे इंजिनाखाली दाब कमी होतो आणि बॉनेटखालची हवा खालच्या खाली ओढली जाते. काकांच्या "जातो कुठे" या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. नळी एकदम १७ वर. भावानं तीनदा वाचून खात्री केली. पत्र्याची न करता रबराची केली, कारण गतिरोधकावर ती घासणार हे उघड होतं. घासते, वाकते, परत सरळ होते.

बाकीची कामं किरकोळ. कूलंट जास्त घातलं की गाडी जास्त गार, या समजुतीनं मी ७० टक्के भरलं होतं, ते निम्मं-निम्मं केलं. साध्या पाण्याची उष्णता वाहायची ताकद कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा जास्त असते. रेडिएटरचं झाकण नवं, ०.९ बार दाबाचं. डिस्ट्रिब्यूटरची (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) ठिणगीची वेळ साधणारी व्हॅक्यूमची नळी निसटलेली सापडली, ती जोडल्यावर उभ्या गाडीत काटा दोन अंश उतरला. मधे एकदा वैतागून थर्मोस्टॅट काढून फेकलाही होता. त्यानं सपाट रस्त्यावर इंजिन गरम व्हायला वेळ लागला एवढंच, चढावर तेच रडगाणं. परत बसवला.

आता तोच चढ, तोच तिसरा गिअर, दुपारची वेळ. ९२ ला काटा थांबतो. गर्दीत ९४ ला पंखा लागतो आणि दोन-तीन मिनिटांत ८८ वर आणून थांबतो. हीटर उघडायची वेळ अजून आलेली नाही.

एक गोष्ट उरली होती. चढावरून येऊन इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, पण इंजिनाच्या वरच्या भागातली, हेडमधली, उष्णता त्याच पाण्यात उतरत राहते आणि काटा सहा-सात अंश चढतो. त्यासाठी टायमर लावून इंजिन बंद झाल्यावर पंखा तीन मिनिटं फिरत ठेवला. पंप थांबलेला असतो, त्यामुळे रेडिएटरमधल्या पाण्याला त्याचा फारसा फायदा नाही, पण बॉनेटखालची कोंडलेली हवा हलते आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळत नाही. फक्त रोज संध्याकाळी मी गाडीला कुलूप लावून जिन्यापर्यंत पोचतो, तोच शेजारच्या आजी खिडकीतून हाक मारतात, "अरे, गाडी चालूच राहिलीय बघ तुझी."