तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पांढरी पावडर’ एवढ्यावर का भागत नाही?

युरोपला माल पाठवणाऱ्या कारखान्यांकडून, मग तो डोंबिवलीचा असो, तारापूरचा असो वा लोटे परशुरामचा, हा प्रश्न हमखास येतो: “रीच नोंदणीत पदार्थाचं दिसणं लिहायला एवढा वेळ का लावता? आमच्या सर्टिफिकेटवर ‘व्हाइट पावडर’ छापलेलं आहे, तेच उतरवून घ्या की.” रीच म्हणजे युरोपीय संघाचा रसायनांच्या नोंदणीचा कायदा. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र खोबरेल तेलाच्या बाटलीपासून सुरू करावं लागतं.

खोबरेल द्रव की घन? मे महिन्यात विचारलंत तर द्रव. डिसेंबरात पुण्यात विचारलंत तर बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब पडत नाही. दोन्ही उत्तरं खरी असली तरी नोंदणीत एकच चालतं. म्हणून कायद्याने तापमान आणि दाब बांधून दिलेत: २० अंश सेल्सिअस आणि १०१.३ किलोपास्कल. वर्षाला एक टन किंवा त्याहून जास्त पदार्थ युरोपीय संघात जाणार असेल, तर रीचच्या सातव्या परिशिष्टातली भौतिक-रासायनिक गुणधर्मांची यादी भरावी लागते. तिच्यातली पहिलीच ओळ ‘२० अंश आणि १०१.३ किलोपास्कलला पदार्थाची अवस्था’ अशी आहे. वितळणबिंदू, उत्कलनबिंदू, बाष्पदाब हे सगळं तिच्या नंतर येतं.

आपल्याकडची पहिली चूक इथेच होते. प्रयोगशाळेत वातानुकूलन असलं तरी पारा २५ च्या आसपास असतो आणि गोदामात ३० च्या वर. लॉरिल अल्कोहोल सुमारे २४ अंशांना वितळतं, डायफिनाइल ऑक्साइड सुमारे २७ ला. कोकणातल्या गोदामात दोन्ही खुशाल वाहतात आणि कागदावर ‘क्लिअर लिक्विड’ होऊन बसतात. २० अंशांवर दोन्ही घन आहेत. उलट ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड १६.६ अंशांना गोठतं, म्हणून थंडीत कॅनमध्ये त्याचा दगड झाला तरी नोंदणीत ते द्रवच. फिनॉल ४१ अंशांच्या आसपास वितळतं आणि टँकरमधून गरम, वितळलेलं नेलं जातं. वाहतुकीच्या कागदांवर वितळलेल्या फिनॉलचा यूएन क्रमांक (धोकादायक मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) २३१२ आणि घन फिनॉलचा १६७१. नोंदणीत अवस्था लिहायची ती घन. टँकरमध्ये काय दिसतं हा वेगळा प्रश्न आहे, तो वाहतूकवाल्यांचा.

नुसतं २० अंशांवर ठेवून बघितलं तरी फसायला होतं. बरेच सेंद्रिय पदार्थ वितळणबिंदूच्या खाली येऊनही गोठत नाहीत, अतिशीत होऊन द्रवच राहतात. थायमॉल पन्नास अंशांच्या आसपास वितळतं, पण एकदा वितळवून स्वच्छ बाटलीत हळू थंड केलं तर खोलीच्या तापमानालाही बराच वेळ द्रव राहू शकतं. म्हणून वितळणबिंदू १५ ते ३० च्या पट्ट्यात असेल तर आम्ही उलटीकडून जातो. नमुना आधी शून्य ते पाच अंशांवर नेऊन पूर्ण गोठवायचा. गोठत नसेल तर काचेच्या कांडीने आतून बाटली खरवडायची, किंवा त्याच पदार्थाचा एक स्फटिक बियाण्यासारखा टाकायचा. मग बाटली २० अंशांच्या जलकुंडात रात्रभर ठेवायची. सकाळी घन असेल तर घन, वितळला असेल तर द्रव. कुंडाचा थर्मामीटर कॅलिब्रेट केलेला हवा, कारण इथे एका अंशाने उत्तर फिरतं.

अर्धवट वितळून लगदा झाला तर? खोबरेलासारखे अनेक घटकांचे पदार्थ एका ठरावीक अंशाला वितळतच नाहीत. अशा वेळी युरोपच्या वर्गीकरण नियमातली, म्हणजे सीएलपीमधली व्याख्या धरायची. १०१.३ किलोपास्कलला वितळणबिंदू किंवा वितळायला सुरुवात होण्याचं तापमान २० अंश किंवा त्याहून कमी असेल, ५० अंशांना बाष्पदाब ३०० किलोपास्कलच्या वर जात नसेल आणि २० अंशांवर तो पूर्णपणे वायू नसेल, तर तो द्रव. ५० अंशांना बाष्पदाब ३०० किलोपास्कलच्या वर असेल किंवा २० अंशांवर पूर्ण वायू असेल, तर वायू. दोन्हींत न बसणारा घन. डांबरासारख्या चिकट मालाला वितळणबिंदूच सापडत नाही, त्याच्यासाठी एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेची डी ४३५९ ही चाचणी आहे. घट्ट बंद डब्यात नमुना ३८ अंशांवर ठेवायचा, झाकण काढून डबा उलटा करायचा आणि तीन मिनिटं बघायचं. माल ५० मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओघळला तर घन, जास्त ओघळला तर द्रव.

एका शब्दासाठी एवढा आटापिटा, कारण पुढच्या चाचण्या याच शब्दावर ठरतात. पदार्थ घन लिहिला की ज्वलनशीलतेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेतली एन.१ चाचणी येते: २५० मिलिमीटर लांब, २० रुंद आणि १० उंच अशी पावडरीची पट्टी करून एका टोकाला पेटवायची आणि ज्योत किती वेगाने सरकते ते मोजायचं. द्रव लिहिला की फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ज्या तापमानाला पेट घेऊ शकते तो बिंदू, मोजायचा. ऑक्सिडीकारक गुणासाठी त्याच पुस्तिकेतल्या चाचण्या: घनाला ओ.१ किंवा ओ.३, द्रवाला ओ.२. घन असून पावडर स्वरूपात विकला जात असेल तर कणांच्या आकाराचं मोजमापही लागतं, कारण साधारण १०० मायक्रोमीटरखालची धूळ नाकातोंडातून आत जाऊ शकते. अवस्था चुकली तर चुकीच्या चाचणीचे पैसे जातात, आणि बरोबर चाचणी नाही म्हणून नोंदणीचा प्रस्तावही अडतो.

दुसरी चूक जास्त खोल आहे. ड्रममध्ये जे आहे तेच नोंदणीतला पदार्थ, असं गृहीत धरलं जातं. रीचच्या व्याख्येत पदार्थाच्या स्थैर्याला किंवा घडणीला धक्का न लावता वेगळा करता येणारा विद्रावक मोजायचा नसतो. म्हणून ३७ टक्के फॉर्मलिन कितीही पाण्यासारखं दिसलं तरी नोंदणीतला फॉर्माल्डिहाइड वायू आहे. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या कार्बॉयमधला (मोठ्या कॅनमधला) हायड्रोजन क्लोराइडही वायूच. मोरचुदाचं उदाहरण तर शेतकऱ्यालाही पटेल. बोर्डो मिश्रणासाठी आणलेला निळा खडा म्हणजे पाच रेणू पाणी धरून बसलेलं कॉपर सल्फेट. तोच खडा तापवून पाणी उडवलं की पांढरट पूड उरते. नोंदणी बहुतेक निर्जल पदार्थाची असते आणि तिच्या आधाराने जलयुक्त रूपाला पाचव्या परिशिष्टातली सूट मिळते. मग अवस्था आणि रंग कुठल्या रूपाचा लिहिला हे स्पष्ट नसेल, तर वाचणाऱ्याला दोन वेगळे पदार्थ एकाच नावाखाली दिसतात. आम्ही दोन्ही रूपांच्या दोन स्वतंत्र नोंदी करतो आणि प्रत्येकीत रूप लिहितो.

आता रंग. ‘क्लिअर’ हा रंग नाही, हे सगळ्यात आधी. क्लिअर म्हणजे नितळ, आरपार दिसणारं. पोटॅशियम परमँगनेटचं पातळ द्रावण नितळ आहे आणि जांभळंही. दूध नितळ नाही. म्हणून द्रवाबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या: नितळ की गढूळ, आणि रंग कोणता. तसंच ‘रंगहीन’ आणि ‘पांढरा’ यांत फरक आहे. खडीसाखरेचा चांगला खडा रंगहीन असतो, तीच साखर दळून पिठीसाखर केली की पांढरी दिसते, कारण बारीक कण प्रकाश सगळीकडे विखुरतात. तुरटीचंही तेच. म्हणजे रंग कणाच्या आकाराशी बांधलेला आहे, आणि स्वरूप न लिहिता रंग लिहिणं अर्धवट आहे. ‘पावडर’ हा शब्दही सैल वापरला जातो. भुकटी, स्फटिक, दाणे, चकत्या, गोळ्या, मेण यांतलं नेमकं काय, ते भिंगाखाली बघून ठरवा.

बघण्याची रीत साधी आहे, पण पाळावी लागते. रंगहीन काचेच्या बाटलीत पाच ते दहा ग्रॅम घन, किंवा नळीत वीसेक मिलिलिटर द्रव. मागे एकदा पांढरा कागद आणि एकदा काळा. पांढऱ्यावर फिकी छटा कळते, काळ्यावर गढूळपणा आणि तरंगणारे कण. प्रकाश दिवसाचा, किंवा ६५०० केल्विनचा डी६५ दिवा. पिवळ्या बल्बखाली प्रत्येक पांढरा पदार्थ ‘ऑफ व्हाइट’ होतो. दोघांनी एकमेकांना न सांगता वेगवेगळं लिहावं आणि मग ताडून पाहावं. मराठीत पांढरट, पिवळसर, मोतिया, दुधी, मळकट अशा छटा सहज वेगळ्या करता येतात. टिपणवहीत आधी त्याच लिहा, इंग्रजी फॉर्मसाठी भाषांतर नंतर करा. अशी नोंद ‘ऑफ व्हाइट’पेक्षा कितीतरी नेमकी निघते.

फिक्या पिवळसर द्रवाला आकडा देता येतो. हेझन म्हणजे प्लॅटिनम-कोबाल्ट पट्टी अॅलन हेझन यांनी १८९२ मध्ये पाण्यासाठी सुचवली, आज रसायनांना एएसटीएम डी १२०९ प्रमाणे तीच लावतात. ती ५०० पर्यंत जाते. त्याहून गडद तेलं-राळींना १ ते १८ ची गार्डनर पट्टी. पण हेझन फक्त पिवळ्या छटेसाठी आहे. हवा लागून गुलाबी झालेल्या फिनॉलला हेझनचा आकडा दिला तर त्याला अर्थ नाही, तिथे शब्दच बरे.

फिनॉल निघालाच आहे तर साठवणुकीचंही सांगतो. ताजं अॅनिलिन जवळजवळ रंगहीन असतं, हवा आणि उजेड लागला की पिवळं आणि मग तपकिरी होतं. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, हिरवट असतो, उघडा राहिला की त्यावर तांबूस-पिवळा थर चढतो. कॅल्शियम क्लोराइड पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर गुळासारखं पाघळतं आणि कुणीतरी निष्ठेने ‘ओलसर लगदा’ असं लिहितं. हे सगळं दिसणं खरंच आहे, पण ते खराब झालेल्या नमुन्याचं. म्हणून सीलबंद बाटली, कोरडी हवा, उघडल्याबरोबर निरीक्षण, आणि नोंदीत बॅच क्रमांक, शुद्धता, उत्पादनाची आणि निरीक्षणाची तारीख. शक्यतो तीन बॅच बघा. एक पांढरी आणि दोन पिवळसर निघाल्या तर ‘पांढरा ते फिका पिवळा’ असं लिहा. सगळ्यात सुंदर बॅच निवडून तिचंच वर्णन देण्याचा मोह टाळा, कारण ग्राहकाच्या गोदामात पिवळसर पोतंच पोचणार आहे.

वासाबद्दल थोडक्यात: मुद्दाम हुंगायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू वास घेण्याची शक्तीच बधिर करतात. आधीची विश्वासार्ह नोंद असेल तर ती द्यावी. नसेल तर सुरक्षा पत्रकाच्या नवव्या विभागात माहिती का नाही ते लिहावं. युरोपीय संघाच्या २०२०/८७८ या नियमानंतर तिथे अवस्था, रंग आणि वास या तीन वेगळ्या ओळी झाल्या आहेत, त्यामुळे पूर्वीसारखं ‘अपिअरन्स’खाली अवस्था आणि रंग एकत्र कोंबता येत नाहीत.

जीएलपी, म्हणजे ‘उत्तम प्रयोगशाळा पद्धती’ची मान्यता असलेली प्रयोगशाळाच लागते का, असंही विचारलं जातं. रीचमध्ये ती अट विषशास्त्रीय आणि परिसर-विषशास्त्रीय चाचण्यांना आहे, या निरीक्षणाला नाही. तुमच्याच क्वालिटी विभागाने वरच्या रीतीने केलेली, सही-तारखेची नोंद चालते. चालत नाही ते कुठल्याशा पुरवठादाराच्या पत्रकावरून उतरवलेलं वाक्य, ज्यात तापमान नाही की बॅच नाही.

शेवटी आययूक्लिडमध्ये, म्हणजे नोंदणीची माहिती भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दिसण्याचा विभाग ४.१ भरून झाला की लगेच बंद करू नका. १.२ मधल्या घडणीच्या नोंदीत अवस्था आणि स्वरूप पुन्हा विचारलेलं असतं. तिथे ‘घन: भुकटी’ आणि ४.१ मध्ये ‘द्रव’ असं राहिलं तर हेलसिंकीहून, म्हणजे युरोपीय रसायन संस्थेकडून, विचारणा येऊ शकते. वितळणबिंदूची नोंदही शेजारी उघडा. ४.१ मध्ये ‘द्रव’ आणि वितळणबिंदू ३१ अंश असं दिसलं, तर चूक बहुतेक वेळा थर्मामीटरची नसते. कुणीतरी एप्रिलमध्ये, पंख्याखाली, बाटलीकडे बघून लिहिलेलं असतं.