कुठला सोल?

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं. ‘आपल्या आवडत्या शिक्षकांविषयी पाचशे शब्दांत लिहावे.’ पाचशे शब्द तर बाईंच्या नुसत्या हजेरी घेण्यावर खर्च होतील. तेव्हा संपादकांना कात्री चालवायचीच असेल तर ती शेवटाकडून चालवावी, ही विनंती.

बाई म्हणजे इंग्रजीच्या बाई. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण जिन्यावरून कुणी नुसतं “बाई आल्या गं” म्हटलं की त्या कुठल्या हे विचारावं लागायचं नाही. हजेरीला आम्ही “प्रेझेंट” म्हणायचो ते बाईंना कधी पसंत पडलं नाही. “वर्गात हजर असशील तर जोर पहिल्या तुकड्यावर. पाहुण्यांना गुच्छ द्यायचा असेल तर दुसऱ्यावर. तू हजर आहेस की गुच्छ देतेयस?” मराठीत जोर बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, हे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पंचेचाळीस मुलींची हजेरी संपेपर्यंत गिरणीच्या पाळीचा भोंगा व्हायचा. आवाज भोंग्याच्या वर गेला पाहिजे, हा बाईंचा दुसरा नियम.

आमचं इंग्रजी तिसऱ्या भाषेचं, पाचवीत ए बी सी डीपासून सुरू झालेलं. नववीच्या पुस्तकात शेक्सपिअरचा पत्ता नव्हता. तरी १९८१च्या दिवाळीनंतर बाईंनी जाहीर केलं, की यंदा स्नेहसंमेलनात ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला कोर्टाचा प्रवेश करायचा आणि तो इंग्रजीत करायचा. ज्यू सावकार शायलॉक कर्जापोटी पौंडभर मांस कापून मागतो आणि पुरुषवेशात वकील झालेली पोर्शिया त्याला अडवते, तो प्रवेश. वर्गात एवढी शांतता पसरली की खालचा पानवाला काय बोलतोय तेही ऐकू आलं. “त्या काळी तिकडे पोर्शियाचं काम पोरगे करायचे. आपल्याकडे बायकांची कामं बालगंधर्वांनी केली. आता तुम्ही पुरुषांची कामं करून हिशेब चुकता करा,” असं म्हणून बाई फळा पुसायला वळल्या.

माझ्या वाट्याला काम आलं नाही. मात्र मी एक धंदा सुरू केला. सगळ्यांचे संवाद देवनागरीत लिहून द्यायचे, पानाला एक लिमलेटची गोळी. ‘द क्वालिटी ऑफ मर्सी इज नॉट स्ट्रेन्ड’. अक्षर माझं चांगलं, गिऱ्हाईक भरपूर. आठवडाभरात माझे दात आंबले आणि बाईंच्या हाती वही लागली.

आता छडी बसणार, असं वाटलं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि सगळी वही खिडकीत उभ्यानं वाचून काढली. मग एका ओळीवर बोट ठेवून मला पुढे बोलावलं. शायलॉक सुरी परजतो तेव्हा कर्जदाराचा मित्र ग्रॅशियानो त्याला टोमणा मारतो, ती ओळ. मी लिहिलं होतं : ‘नॉट ऑन दाय सोल, बट ऑन दाय सोल’.

“यातला बुटाचा तळवा कुठला आणि आत्मा कुठला?”

मला दोन्ही सारखेच दिसत होते. कानालाही सारखेच. बाई म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं. ऐकायला सारखेच आहेत, म्हणून तर तो टोमणा आहे. पण म्हणणारीला माहीत पाहिजे, आपण आत्ता कुठल्यावर उभ्या आहोत.” त्यांनी लाल पेनानं पहिल्या ‘सोल’वर एवढासा बूट काढला. दुसऱ्यावर काहीच काढलं नाही. “तो तू काढ,” म्हणाल्या. आणि शिक्षा म्हणून मला प्रॉम्प्टर केलं : जिनं सगळ्यांचं लिहिलंय तिचं सगळ्यांचं पाठ असणारच.

तालमी सभागृहात. पोर्शियाचं भाषण मुलींना चालीत बसेना. बाईंनी पीटीच्या खोलीतून लेझीम मागवली. ओळीत उच्चार दहा, ठोके पाच, यमक नाही. ठोक्यावर लेझीम, एखादा ठोका हळू, एखादा दणदणीत. शेजारच्या वर्गातून तक्रार आली, तेव्हा लेझीम गेली आणि टाळ्या आल्या. ‘स्ट्रेन्ड’ म्हणजे गाळलेली, हे आम्हाला चहाच्या गाळणीवरून ठाऊक होतं. बाईंनी त्याच्या आधीचं वाक्य वाचायला लावलं. ‘मी दया दाखवलीच पाहिजे, ही सक्ती कसली?’ असं शायलॉक विचारतो, त्याला हे उत्तर आहे. म्हणजे दया सक्तीनं पिळून काढता येत नाही. “शब्दाचा अर्थ डिक्शनरीत नंतर शोधा. आधी त्याच्या मागच्या माणसानं काय विचारलंय ते बघा.” ही एकच गोष्ट मी शाळेतून घेऊन बाहेर पडले असते, तरी माझी फी वसूल होती.

तालमीत एकदा ग्रॅशियानोनं ‘ज्यू’ हा शब्द एवढ्या त्वेषानं फेकला की मागच्या पोरींनी शिट्ट्या घातल्या. बाईंनी तालीम थांबवली. ओरडल्या नाहीत. पुढच्या रविवारी आम्हा सहाजणींना करी रोडहून गाडीत बसवून चौथ्या स्टेशनवर, मस्जिदला, उतरवलं. सॅम्युएल स्ट्रीटवरचं ज्यूंचं प्रार्थनागृह दाखवलं, १७९६ साली बांधलेलं. बांधणारे दिवेकर, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएली. कोकणात यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. लोक या प्रार्थनागृहालाच ‘जुनी मशीद’ म्हणत, स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं असं सांगतात. प्रार्थनागृहाच्या हिब्रू नावाचा अर्थ बाईंनी रस्त्यातच उभं राहून सांगितला : दयेचं द्वार. आमच्यातली शायलॉक, जी एरवी क्षणभर गप्प बसायची नाही, ती परतीच्या गाडीत भायखळ्यापर्यंत बोलली नाही. त्यानंतर तिनं शायलॉक असा काही केला, की पोर्शियापेक्षा आम्हाला त्याचीच बाजू खरी वाटायला लागली. बाईंना हे माहीत असणार. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही.

संमेलनाच्या दिवशी पोर्शियाचा काळा झगा बाबांनी गिरणीतून सवलतीत आणलेल्या कापडाचा होता. तराजू कोपऱ्यावरच्या वाण्याचा, आणि दुकान उघडं असल्यामुळे तो लवकर परत हवा म्हणून त्याचा पोरगा माझ्याशेजारी विंगेत उभा. शायलॉकनं सुरी काढली, बुटाच्या तळव्यावर घासायला लागली. ग्रॅशियानो पुढे आली, हात उचलला, आणि थांबली.

मी विंगेतून म्हटलं, “सोल.”

तिनं मान जराशी वळवली आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनाही ऐकू जाईल अशा कुजबुजीत, शुद्ध मराठीत विचारलं, “कुठला?”

मी पायाकडे बोट दाखवलं. रंगमंचावर चप्पल नको म्हणून मी अनवाणी होते. ती माझ्या पायाकडे बघत राहिली, तिला काही उमगेना. शेवटी वाण्याच्या पोरानं आपली स्लीपर काढून उंच धरली. ग्रॅशियानोचा चेहरा उजळला आणि ती ओळ अशी खणखणीत पडली की टाळ्या आल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या किती जणांना शब्द समजला, देव जाणे. मी मागे वळून बघितलं, तर बाई पदर तोंडात धरून भिंतीला टेकल्या होत्या, डोळ्यांत पाणी. बाईंना हसताना मी त्या एकदाच बघितलं.

नंतर थोड्याच दिवसांत, १८ जानेवारीला, गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याबद्दल इथे नव्यानं काय सांगायचं, स्मरणिका वाचणाऱ्या निम्म्या घरांनी तो भोगलाय. आईची खानावळ होती. जेवणारे एकेक करून गावी गेले, उधारीची वही तेवढी उरली. मलाही गावी पाठवायचं ठरलं. बाई चाळीत आल्या, आईच्या हातची भाकरी खाल्ली, इंग्रजीबद्दल चकार शब्द काढला नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, “संध्याकाळी माझ्याकडे पाठवत जा. भाकऱ्या थापून झाल्यावर आली तरी चालेल.” मी दहावीपर्यंत गेले. ट्यूशनची फी हा विषय त्या घरात कधी निघाला नाही.

पुढे मी मुंबईतल्या एका न्यायालयात दुभाषी झाले. गेल्याच वर्षी निवृत्त झाले. तिथेही काम प्रॉम्प्टरचंच : आपण दिसायचं नाही, दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं पोचवायचं. एकदा जमिनीच्या वादात कोकणातले एक आजोबा साक्षीला उभे राहिले आणि हुंदका देत म्हणाले, “सख्ख्या भावानं केसानं गळा कापला हो माझा.” तरुण वकील, मराठी बेताचं, त्यांनी झटकन वर बघितलं. हल्ला? हत्यार कुठलं? माझ्या डोळ्यांपुढे तो लाल बूट आला. मी न्यायाधीशांना सांगितलं की हा वाक्प्रचार आहे, गळ्याला इजा नाही, विश्वासघात झाला आहे, आणि मूळ शब्दही सोबत नोंदवून घ्यावेत. ते नोंदवले गेले. घरी आल्यावर बाईंना फोन करावा असं वाटलं. केला नाही. उद्या करू म्हटलं. पुढच्या वर्षी बाई गेल्याचं मला मैत्रिणीकडून कळलं. यावर आणखी लिहिण्यासारखं माझ्यापाशी काही नाही.

पोर्शियाला वकिली करायला पुरुषाचा झगा घालावा लागला. आपल्या देशात बायकांना वकिलीचा हक्क १९२३च्या कायद्यानं मिळाला, हेही बाईंनीच सांगितलं होतं. आता कोर्टात काळ्या कोटातल्या मुली बघते तेव्हा त्यातली एखादी आपल्या शाळेची असेल का, असं मनात येतं.

मध्यंतरी शाळेत जाऊन आले. सभागृहात पार्टिशन टाकून संगणकांची खोली केली आहे. रंगमंचाचा कट्टा अर्धा पार्टिशनच्या पलीकडे, अर्धा अलीकडे, त्यावर जुनी बाकं रचलेली. संमेलनात आता गाणी लावून नाच होतात, नाटक बसवायला कुणाला वेळ नसतो म्हणे. २०००पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, म्हणजे आमच्यापेक्षा चार वर्षं आधी. तरीही मुली बाहेर स्पोकन इंग्लिशचे क्लास लावतात. शिक्षकांना दोष देत नाही, त्यांच्यामागे कामं किती असतात ते दिसतंच. पण त्या मुलींना हजर असण्याचा आणि गुच्छ देण्याचा ‘प्रेझेंट’ कुणी वेगळा करून सांगितला असेल का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही. एक मुलगी मात्र जिन्यावर मला बघून आपणहून “नमस्कार बाई” म्हणाली, मी शिक्षिका नसताना.

समितीनं प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू मागवल्या आहेत. ती वही देते आहे. पान बारा उघडून ठेवावं. कडा फाटल्या आहेत, जपून हाताळा. आणि दुसऱ्या ‘सोल’वरची जागा अजून कोरी आहे म्हणून कुणी पेन चालवू नका. प्रदर्शन झालं की मला वही परत हवी आहे.