होतं तसंच

"मग यात नवीन काय झालं?" वाचनालयाच्या संगणकाचं अपग्रेड झाल्यावर भाऊ सहज म्हणाले. हातात चहाचा कप, नजर खिडकीबाहेर. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मलाही कळतं. तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

खरंच, नवीन काय झालं? पावती आधीही निघत होती, आताही निघते. पुस्तकाचा क्रमांक टाकला की ते कुणाकडे आहे ते आधीही दिसायचं, आताही दिसतं. मधल्या सगळ्या रात्री मी काय करत होते याचा हिशेब कुणी मागितला तर दाखवायला माझ्याकडे काही नाही. वाचनालयाचं कपाट रंगवलं असतं तर निदान रंग तरी दिसला असता.

मशीनवर उबुंटू २०.०४ होतं, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, मे २०२५ मध्ये संपला. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर ज्या मशीनवर आहेत ते तसंच नेटला जोडून ठेवणं मला पटेना. विश्वामित्री नदीच्या पुरात बडोद्याच्या सयाजीगंजातली रजिस्टरं भिजली तेव्हापासून यादीही त्याच मशीनवर आहे, दुसरीकडे कुठेच नाही. २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही, आधी २२.०४ करावं लागतं. दोन्ही टप्पे सुरळीत पार पडले. स्क्रीनवर नवा रंग, नवं चित्र. सगळ्यांनी येऊन बघितलं, कौतुक केलं. ते कौतुक उबुंटूचं होतं.

मग पावतीचं बटण दाबलं, तर मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा तयार कोडचा तुकडा, सापडत नाही. पुस्तकांची नोंद उघडली, तिथेही तेच.

सगळ्यात चीड याची आली की एकही फाइल हललेली नव्हती. वाचनालयाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या दादाने त्यासाठी वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे मॉड्यूल्सचा स्वतंत्र कप्पा, करून ठेवलं होतं, फार नीट केलं होतं, आणि सगळी मॉड्यूल्स आपापल्या जागी होती. पण व्हेन्व्हच्या आतलं पायथन (प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय ती) म्हणजे शेवटी सिस्टिमच्या पायथनकडे जाणारी एक लिंक. २०.०४ मध्ये ते ३.८ होतं, २४.०४ मध्ये ३.१२ झालं. आता ते ३.१२ नावाच्या फोल्डरमध्ये शोधत होतं आणि सामान सगळं ३.८ च्या फोल्डरमध्ये. फोल्डरचं नाव बदलून भागलं असतं तर बरं झालं असतं, पण काही मॉड्यूल्स सी भाषेत लिहिलेली असतात आणि त्या त्या आवृत्तीसाठी कंपाइल केलेली असतात. ती नव्या पायथनला चालत नाहीत. नव्याने बांधावीच लागतात.

सिस्टिमवर सरळ पिप, म्हणजे मॉड्यूल्स आणून बसवणारं साधन, चालवलं तर ते नकार देतं: हे पायथन सिस्टिमच्या ताब्यात आहे, इथे हात लावू नका. नेटवर जो तो सांगतो की 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' हा पर्याय जोडा आणि पुढे चला. मी नाही जोडला. उबुंटूची स्वतःची कितीतरी साधनं त्याच पायथनवर चालतात. आज पावती निघावी म्हणून उद्या अख्खं मशीन अडवून ठेवायचं, हे काही खरं नाही. जुनं व्हेन्व्ह बाजूला ठेवलं, नवं केलं, आणि एकेक मॉड्यूल त्यात आणत गेले. काहींच्या जुन्या आवृत्त्या ३.१२ वर बांधल्याच जाईनात, म्हणून नव्या घेतल्या. नव्यांमध्ये काही गोष्टींची नावं बदललेली, म्हणून प्रोग्रॅममध्ये ती शोधून शोधून बदलली.

एवढं करूनही पावती निघेना. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं तेव्हा त्यातून डिस्टयुटिल्स नावाचं जुनं मॉड्यूल काढून टाकलं. ते जाणार हे ३.१० पासून सांगत होते म्हणे. दादाने त्यातलं एकच फंक्शन वापरलं होतं, सेटिंगच्या फाइलमधलं 'यस' किंवा 'ऑन' वाचून त्याचा अर्थ होकार लावणारं. त्याला शिरगणतीतही कुणी धरलं नसतं, आणि त्याच्यावाचून वर्षाच्या सगळ्या पावत्या अडल्या. माझं साधं फंक्शन लिहून तिथे बसवलं. पहिली पावती प्रिंटरमधून बाहेर आली तेव्हा रात्र पार उलटून गेली होती आणि ती दाखवायला आसपास कुणी नव्हतं.

दादाला फोन करावा असं दोनदा मनात आलं. नाही केला. ते वेगळंच आहे.

आई म्हणाली, "पगार देतात का गं तुला त्याचे?" आणि सेव उसळ पुन्हा गरम करून दिली. मी काही बोलले नाही. मला पगार नकोच आहे. पण "नवीन काय झालं" हे कुणी विचारावं असंही नाही. की कुणीतरी आधीच विचारायला हवं होतं की, बाई, बंद काय काय पडलंय? बंद पडलेलं त्यांना दिसलंच नाही, कारण ते बंद पडल्याचं कळायच्या आत मी चालू करत होते. म्हणजे जितकं चांगलं करावं तितकं ते न केल्यासारखं. या विचारावर येऊन मी थांबते आणि परत तिथेच जाते.

आपल्या बडोद्यात तर हे फार जुनं आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना आणलं, साहेब १९१३ मध्ये परत गेले. त्यांनी ग्रंथालयांची घडी बसवली असं आपण सांगतो आणि ते खरंच आहे. पुढे न्यूटन दत्त, मोतीभाई अमीन यांचीही नावं निघतात. पण गावोगाव जाणाऱ्या त्या ग्रंथपेट्या परत आल्यावर उघडून, पुस्तकं मोजून, फाटलेली चिकटवून, पेटी पुन्हा आधीसारखी भरणारा जो कोणी होता? त्याच्या पेटीतही नवीन काही नसायचं. मला परवापासून त्याचीच आठवण येते. आठवण तरी कशी म्हणू, नावही माहीत नाही.

आज मात्र एक वेगळंच झालं.

गणपतीच्या वर्गणीसाठी सभासदांची यादी लागते. ती निघाली, कुठे अडली नाही, कुठे लाल अक्षर नाही. फळ्यावर लावली. दुपारी काका येऊन बघून गेले म्हणे, कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी परत आले, टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "बेटा, माझं नाव यंदा काढलंत का?" सदऱ्याच्या खिशातून गेल्या वर्षीची पावती काढून त्यांनी टेबलावर ठेवली. घरी जाऊन शोधून आणली होती. घडीवरून विरत आलेली.

काकांचं आडनाव क्ष वरून. वर्षानुवर्षं ते यादीत अगदी शेवटी असतात, ह संपला की काका. आज शेवटच्या पानावर ह संपला आणि खाली नुसता कोरा कागद. माणसाने काय समजावं?

नाव होतं. क च्या पोटात होतं, ख सुरू व्हायच्या जरा आधी. संगणकाला क्ष हे वेगळं अक्षर माहीत नाही. त्याच्या लेखी ते क, हलन्त आणि ष. आणि अक्षरांना संगणकातले क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवलेला आहे, म्हणून काळे आधी आले आणि कावळे, काशीकर मागून. आपल्या वर्णमालेत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ. तो क्रम लावायला आयसीयू नावाची लायब्ररी लागते आणि पायथनमधून तिला हाक मारायला पायआयसीयू. २०.०४ मध्ये आयसीयू ६६ होती, २४.०४ मध्ये ७४ आहे. जुनं पायआयसीयू जुन्या व्हेन्व्हमध्येच राहिलं होतं. दादाने यादीच्या प्रोग्रॅममध्ये सोय करून ठेवली होती: आयसीयू मिळाली तर तिच्याकडून लावून घे, नाहीच मिळाली तर साधा क्रम लाव, पण यादी अडू देऊ नकोस. भल्या मनाने केलेली सोय. यादी अडली नाही. काका अडले.

पायआयसीयू मी पिपने न घेता उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेजमधून घेतलं आणि व्हेन्व्हला सिस्टिमची मॉड्यूल्स बघायची परवानगी दिली. पुढच्या वेळी आयसीयू बदलली तर तिच्याबरोबर हेही उबुंटूवालेच बांधून देतील. आणि दादाची ती सोय काढून टाकली. आयसीयू नसेल तर आता प्रोग्रॅम तिथेच थांबेल आणि का थांबला ते मराठीत सांगेल. चुकीची यादी हसतमुखाने छापून देण्यापेक्षा थांबलेलं बरं. हे दादाला पटणार नाही. न पटो.

काकांना समोर बसवून नवी यादी काढली. त्यांनी पहिली पानं उलटलीच नाहीत. शेवटचं पान घेतलं, चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हां. आहे." मग पावतीची घडी घालून परत खिशात.

भाऊ तिथेच होते. त्यांनी विचारलं, "काय झालं होतं?" मी सांगायला लागले आणि अर्ध्यातच थांबले, कारण मला एकदम हलकं वाटत होतं. नवीन काही झालं नाही, भाऊ. काकांचं नाव होतं तिथे गेलं. मला तेवढंच करायचं होतं आणि ते झालं. राग पूर्ण गेला असं नाही. उद्या परत कुणी विचारलं तर परत लागेल. लागू दे.

एक वही केली आहे. कोणतं मॉड्यूल कुठून घेतलं, ते कशासाठी लागतं, काय बदललं, सगळं त्यात लिहिलं. २४.०४ चा सपोर्ट २०२९ मध्ये संपेल, तेव्हा मशीनसमोर जो बसेल त्याला रात्री जागाव्या लागू नयेत. आणि त्या वेळी अपग्रेड आधी दुसऱ्या मशीनवर करून बघता आलं पाहिजे. रावपुरा, दांडिया बाजार भागात कुणाकडे चालू स्थितीतलं जुनं मशीन पडून असेल तर कळवा, चार जीबी रॅम असली तरी पुरे. मी येऊन घेऊन जाईन.