तुम्ही विचारलंत म्हणून: बंबाची जाळी

दिवाळीत घरी आलेला पाहुणा न्हाणीघरासमोर थबकतो, बंबाच्या तांब्यावरून हात फिरवतो, नळकांड्यात डोकावतो आणि विचारतो, "ही जाळी कुठे मिळाली हो?" त्यांच्याही माळ्यावर एक बंब असतो आणि त्यालाही जाळी नसते. फोनवरही हाच प्रश्न येतो, सोबत काळ्याठिक्कर बंबाचा फोटो.

मिळाली कुठेच नाही. करून घेतली, आणि तीही दुसऱ्या खेपेला जमली.

गिझरवर वाढलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. बंब म्हणजे तांब्याचं दुहेरी भांडं. मधल्या उभ्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी. नळकांड्याच्या खालच्या काठाला आतून तीन कान असतात, त्यांवर जाळी टेकते. जळण जाळीवर, राख खाली, आणि हवा खालून वर. जाळीशिवाय बंब पेटत नाही असं नाही, पण निखारे आपल्याच राखेत रुतून बसतात आणि सगळं नुसतं धुमसत राहतं. अर्ध्या तासात अंघोळीचं पाणी होण्याऐवजी डोळ्यांतून पाणी येतं.

आमचा बंब आजीचा. पंचवीस लिटरचा, आजीच्या भाषेत "सहा माणसांचा, विसण घालून". माळ्यावरून काढला तेव्हा तोटी होती, झाकण होतं, जाळी नव्हती. सगळ्या नातेवाइकांना फोन केले. आत्या म्हणाली, "नाही बाई, जाळीबिळी काही नाही आमच्याकडे."

पुण्याला जाणं झालं तेव्हा कसबा पेठेत तांबट आळीत गेले. तिथल्या कारागिराने बंबाचे फोटो बघून मठारकामाचं, म्हणजे तांब्यावरच्या हातोडीच्या ठोक्यांच्या नक्षीचं, कौतुक केलं आणि जाळीचं नाव काढताच हात वर केले. "ताई, आमचं काम तांब्याचं. जाळी बिडाची असते." बीड म्हणजे ओतीव लोखंड. बिडाच्या तव्यावर रोज डोसे घालणाऱ्या मला हे आधी सुचायला हवं होतं.

पण घाई होती, म्हणून गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले. त्याने आठ मिलिमीटरच्या सळईचं कडं वाकवलं, आडव्या सळया वेल्ड केल्या, आणि माप इतकं चोख घेतलं की जाळी वरून ठोकून बसवावी लागली. मला कोण आनंद! तिसऱ्या दिवशी सकाळी आतून 'टक्' आवाज आला, मग 'चुर्र'. पाणी निखाऱ्यांवर ठिबकत होतं.

चूक त्या चोख मापातच होती, आणि हे मला नंतर कागदावर आकडे मांडल्यावर कळलं. तांब्याच्या मागे पाणी आहे, त्यामुळे ते शंभर अंशांच्या फार वर जातच नाही, म्हणजे जवळपास तेवढंच राहतं. जाळी मात्र लाल होते. 165 मिलिमीटरचं लोखंड सहाशे अंशांनी तापलं की सुमारे सव्वा मिलिमीटर वाढतं. आतल्याला वाढायचंय, बाहेरचा जागचा हलत नाही. उकलला तो नळकांड्याचा सांधा. बंब उचलून तांबटाकडे नेला, झाळून आणला. जाळीपेक्षा ते महाग पडलं. शिवाय बाहेर काढलेल्या सळया मधोमध खाली झुकल्या होत्या, जुन्या बाजेसारख्या.

दुसऱ्या वेळी माप पुठ्ठ्याने घेतलं. पुठ्ठ्याची चकती कापायची, नळकांड्यात वरून सोडायची, अडेल तिथे कातरायची. तेव्हा लक्षात आलं की नळकांडं गोल नाहीच, इतक्या वर्षांत ते एका बाजूने चांगलं चार मिलिमीटर चेपलंय. टेपने मापलं असतं तर पुन्हा फसले असते. सगळीकडे तीन मिलिमीटर फट राहील अशी चकती ठरवली आणि ती घेऊन कोल्हापूरला, शिरोलीच्या एका फाउंड्रीत गेले.

एक नग कुणी ओतत नाही. पण तिथल्या मोल्डरला, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्याला, बंब माहीत होता. तो म्हणाला, "पॅटर्न करून आणा, दुसऱ्या मालाच्या बॉक्समध्ये कोपऱ्यात बसवतो." पॅटर्न म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा लाकडी नमुना. सुताराकडून तो सागवानी करून घेतला, मापापेक्षा दीड मिलिमीटर मोठा, कारण बीड थंड होताना शेकडा एक या हिशोबाने आकसतं. पट्ट्या मी सरळ काढल्या होत्या. मोल्डरने पॅटर्न हातात घेतला आणि परत दिला. प्रत्येक पट्टी वर रुंद आणि खाली निमुळती हवी, म्हणजे पॅटर्न वाळूतून अलगद निघतो, साचा ढासळत नाही. मग म्हणाला, "आणि तुमची राखही अडकत नाही." फटीत शिरलेला निखारा खाली जाईल तसा मोकळा होत जातो. त्याच्या सोयीचा उतार तोच माझ्याही सोयीचा! सुताराने रंधा मारून दिला.

हे सगळं ऐकून लोक हमखास विचारतात, मग जस्ती जाळी कापून टाकली तर? नका. जस्त 420 अंशांना वितळतं, त्याहून तापलं की त्याचा धूर होतो, आणि तो छातीत जायला नको. स्टीलचं भोकांचं ताट? ते लोखंडापेक्षाही जास्त वाढतं आणि पापडासारखं वेडंवाकडं होतं. आणि जाळीचं राहू दे, पण बंब थेट टाकीच्या नळाला जोडून दोन्हीकडे चाव्या बसवायचं खूळ कुणाच्या डोक्यात असेल तर ते आधी काढा. वाफेला वाट मोकळी हवी. रिकामा बंबही पेटवायचा नाही.

बीड वाकत नाही, पण तडकतं. म्हणून पहिले दोन दिवस नुसत्या चिपाडांचा हलका जाळ केला, आणि अंघोळी उरकल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतायची घरातल्यांची सवय मोडली. आता करवंट्या, मक्याची बुरकुंडं, काय वाटेल ते जळतं. जाळी टाकली की कानांवर खुळखुळते. पाहुण्यांना ती ढिली वाटते. वाटू दे.

मागच्या उन्हाळ्यात आत्याकडे गेले होते. मागच्या मोरीत पाय धुताना खाली बघितलं, तर भोकावर गोल बिडाची जाळी, नऊ पट्ट्या, वर रुंद, खाली निमुळत्या. वीत लावून बघितली. अगदी तेवढीच. आत्याला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, हीच होय? पण आता ती काढू नकोस हं, घुशी वर येतात."