ढिला स्क्रू आणि आर्मेनियाचं जॅकेट

मी कॅनडात मॉन्ट्रियलला बर्फावर स्केटिंग करायच्या एका रिंकमधल्या छोट्या दुकानात काम करतो, स्केट्सना धार लावायची, पाती बसवायची. गिऱ्हाईक बहुतेक हॉकीवालं. फिगर स्केटिंगवाले कमी येतात, पण कटकट त्यांचीच जास्त, कारण केसभर फरक पडला तरी त्यांच्या पायाला कळतं.

त्या शनिवारी दुपारी आइस डान्सवाली, म्हणजे जोडीनं बर्फावर नाचणारी, एक पोरगी धापा टाकत आली, मागे आर्मेनियाचं जॅकेट घातलेला तिचा पार्टनर, दिसायला बोलायला पक्का इथल्याच क्यूबेक प्रांताचा, आणि त्याच्यामागे तिची आजी. डाव्या बुटाचं पातं हलत होतं आणि संध्याकाळी रिदम डान्स, म्हणजे स्पर्धेतला पहिला नाच. स्क्रू काढला तर आतलं भोकच कुजलेलं, चामड्याच्या तळव्यात पाणी मुरलं की हे होतंच. लांब स्क्रू घालावा तर आत पायाला टोचणार. मग लाकडाची काडी गोंदात बुडवून भोकात ठोकली, वरून सपाट कापली आणि वाळायची वाट बघत बसलो.

तेवढ्यात आमच्या दुकानातला एकजण पुटपुटला, कॅनडाच्या टीममध्ये नंबर लागत नाही म्हणून आर्मेनियाकडून खेळायचं, हा सोपा रस्ता. पोरीनं ऐकलं, आणि मग जी सुरू झाली! छोट्या देशाला युरोपियन आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपला प्रत्येक प्रकारात एक जागा मिळते हे खरं, पण ठरलेला किमान टेक्निकल स्कोअर आधी कमवावाच लागतो, त्यात कुणाला सूट नाही. कॅनडाकडून इंटरनॅशनल खेळला असाल तर त्यांची परवानगी घ्या, शिवाय काही काळ थांबा. एरवीच्या स्पर्धांना दोघांपैकी एकाकडे त्या देशाचं नागरिकत्व असलं तरी चालतं, ऑलिम्पिकला मात्र दोघांकडे हवं. पार्टनर हसत म्हणाला, मी आर्मेनिया अजून बघितलेलासुद्धा नाही, पासपोर्ट मात्र मागतोय.

2022 च्या बीजिंग ऑलिम्पिकला टिना गाराबेडियान आणि सिमोन प्रू-सेनेकाल ही कॅनडातलीच जोडी आर्मेनियाकडून उतरली होती, उद्घाटनाला झेंडा धरणाऱ्यांत टिना होती. या पोरीच्या मोबाईलच्या वॉलपेपरवर तोच फोटो. त्याआधी 2006 ला ट्युरिनमध्ये ग्रेबेन्किना-अझरोयान ही डान्स जोडी होती, हे मला आजीनं सांगितलं, फ्रेंचमधून. आजी मूळची सीरियातल्या अलेप्पोची आर्मेनियन, तिनेही आर्मेनियाची राजधानी येरेव्हान बघितलेली नाही पण नातीचा एकेक स्कोअर तोंडपाठ. बूट आणि पाती मिळून हजार डॉलरच्या वर जातात, वर कोच, बर्फाचं भाडं, ड्रेस, विमानाची तिकिटं, हे सगळं घरातूनच चाललंय, आणि हा म्हणे सोपा रस्ता.

गोंद धरला. बारीक भोक पाडून स्क्रू बसवला आणि पातं सरळ आहे का ते तीनतीनदा बघितलं, जरा तिरकं बसलं तर पोरगी सारखी एकाच कडेवर कलंडणार. डान्सच्या पात्याची शेपटी आखूड असते, इतकं चिकटून नाचायचं म्हटल्यावर लांब शेपटीवर दुसऱ्याचा पाय पडायचा, त्यामुळे पुढेमागे सरकवायलाही फार जागा नसते. पात्याच्या तळाला मधे पन्हळ असते, तिच्या दोन्ही कडा सारख्या आहेत ना ते बघायला वर एक नाणं आडवं ठेवलं, बरोबर होतं. पैसे आजीनं दिले, त्याआधी थोडी घासाघीस केली, आणि मी पाचेक डॉलर कमी केले.

संध्याकाळी पातं टिकलं. नंबर काही खास आला नाही, मधेच कुठेतरी. सोमवारी दोघं परत हजर, म्हणाले उजव्या बुटाचे स्क्रूही बघून घे. उघडून बघतो तर त्यातलेही दोन स्क्रू नुसते फिरत होते.