पाळकाचा मोबाइल: आधी लोकांचा विश्वास, मग कॅमेरा

खेड्यातल्या पाळकाच्या, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या धर्मगुरूच्या, मोबाइलवर जे येतं ते डॉक्टरच्या केसपेपरइतकंच नाजूक असतं. कुणाच्या सुनेचा दुसऱ्यांदा गर्भपात झालाय, कुणाच्या पोराची दारू सुटत नाही, कुणी सावकाराकडून पैसे उचललेत आणि घरी सांगितलेलं नाही. शेवटी एवढंच लिहिलेलं असतं: ‘पाळकसाहेब, प्रार्थना करा.’ आपल्याकडच्या लहान मंडळ्यांत निम्मी घरं एकमेकांची सोयरी. सकाळी ग्रुपवर गेलेलं नाव संध्याकाळपर्यंत पारावर पोचतं, आणि ती बाई पुन्हा कधी मनातलं सांगायला येत नाही. म्हणून पाळकानं फोन शिकताना सुरुवात लाइव्हपासून करू नये, इथून करावी.

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पाठवण्याची परवानगी फक्त ॲडमिनला ठेवा. ॲडमिन तीन असावेत: पाळक, सेक्रेटरी आणि महिला मंडळातली एक जबाबदार बहीण. प्रार्थनेची विनंती ग्रुपवर नाही, पाळकाच्या नंबरवर यायला हवी. ती आली की दोन प्रश्न विचारायचे: ‘ग्रुपवर टाकू का?’ आणि ‘नाव टाकू का?’ दुसरा प्रश्न हमखास राहून जातो आणि भानगड तिथेच होते. घरच्या एकानं हो म्हटलं म्हणजे आजारी माणसानं हो म्हटलं असं नाही; शुद्धीवर असेल तर त्यालाच विचारा. आजाराचं नाव, दवाखाना, वॉर्ड, रिपोर्टचा फोटो यातलं काहीही टाकू नये. ‘आपल्यातल्या एका बहिणीचं मंगळवारी सकाळी ऑपरेशन आहे, ९ वाजता घरोघरी प्रार्थना करा’ एवढं पुरतं. तिचं नाव देवाला माहीत आहे.

ग्रुप सगळ्यांसाठी खुला असेल आणि कुणी भलतं टाकलं, तर ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. बोट मेसेजवर दाबून धरा, डिलीटची खूण दाबा. वाचणाऱ्यांनी तोवर वाचलेलं असतं, पण पुढे फॉरवर्ड होणं तरी थांबतं. प्रार्थनेच्या ग्रुपला गायब होणारे मेसेज ७ दिवसांवर ठेवा. २४ तास आणि ९० दिवस हेही पर्याय आहेत, पण २४ तासांत वावरातून थकून आलेल्या माणसाचं वाचून होत नाही.

आता फोन. पाळकाचा फोन घरात सगळ्यांच्या हाती असतो. पोरं गेम खेळतात, शेजारी एखादा फोन लावून घेतात. त्यामुळे चार गोष्टी आजच करा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधली मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, म्हणजे कुणी पाठवलेला एक्स-रे गॅलरीत नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोशेजारी दिसणार नाही. नाजूक चॅटला चॅट लॉक लावा. आणि ६ अंकी टू-स्टेप पिन ठेवा. या पिनचं कारण समजून घ्या. भामटा फोन करून म्हणतो, ‘चुकून तुमच्या नंबरवर ६ आकडी कोड आलाय, जरा सांगता का?’ कोड दिला की तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर सुरू होतं आणि तो अख्ख्या मंडळीकडे पैसे मागतो. पिन असेल तर नुसत्या कोडनं त्याचं काम होत नाही.

बॅकअपचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. गूगलच्या खात्यावर जाणारा चॅट बॅकअप आपोआप कुलूपबंद नसतो. सेटिंगमध्ये जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा, कारण फोनही हरवला आणि पासवर्डही विसरला तर तो बॅकअप कुणालाच उघडता येत नाही. फोन दुरुस्तीला तालुक्याला द्यायचा असेल तर आधी बॅकअप आणि मग रीसेट. स्क्रीन फुटून रीसेट करता येत नसेल, तर दुकानात समोर बसून काम करून घ्या.

बायबलमधलं रोजचं वचन पाठवायला मला ग्रुपपेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट बरी वाटते. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, उत्तर फक्त तुम्हाला येतं, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. अडचण एकच: ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज जातच नाही. ‘पाळकसाहेब, आम्हाला का पाठवत नाही?’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. रविवारी उपासनेनंतर दोन तरुणांना दाराशी उभं करा, ते नंबर सेव्ह करून देतील. वेळ सकाळी साडेपाच-सहाची ठेवा. कापूस वेचणीच्या दिवसांत नऊ वाजता पाठवलेलं वचन रात्रीच उघडतं.

वचन हातानं टाइप करू नका. फोनला बोलून लिहिण्याची सोय मराठीत चांगली चालते, पण हबक्कूक, नहेम्या, थेस्सलनीकाकरांस अशी नावं ती हमखास बिघडवते. बायबल ॲपमधून कॉपी करा आणि आवृत्ती कोणती ते खाली राहू द्या, कारण आजीच्या मांडीवरच्या पवित्र शास्त्रातले शब्द वेगळे असले की ती गोंधळते. सगळ्या आवृत्त्या डाउनलोड होत नाहीत. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे जायचं असेल आणि रेंजची खात्री नसेल तर निघण्याआधी फ्लाइट मोड लावून अध्याय उघडतो का ते तपासा. उपासनेतले जुने संदेश, म्हणजे प्रवचनं, श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असतील तर मोबाइलवर नुसती चिन्हं दिसतात. फाइल खराब झालेली नसते, अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलला वाचता येतील अशा सांकेतिक पद्धतीत, नसतात. कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं एकदा डोळ्याखालून घाला.

संदेशाचा व्हिडिओ करावा की नुसता आवाज? माझं मत स्पष्ट आहे: आवाज. अर्ध्या तासाचा संदेश ६४ केबीपीएस दर्जाच्या रेकॉर्डिंगवर साधारण १४ एमबी होतो, ३२ वर ७ एमबी. तोच व्हिडिओ शेकडो एमबी खातो, आणि कामासाठी बाहेर गेलेली पोरं दिवसाचा डेटा जपून वापरतात. कॉलरचा छोटा माइक हनुवटीखाली एक वीत लावा, झग्याच्या घडीत नको, घासल्याचा आवाज येतो. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मधेच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटतं. टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो, वर पंख्याची घरघर. डोक्यावरचा एक पंखा तेवढा वेळ बंद ठेवला तरी ऐकणाऱ्याला फरक कळतो.

लाइव्ह करायचंच असेल तर यूट्यूबवर मोबाइलवरून लाइव्हला किमान ५० सबस्क्रायबर लागतात, आणि पहिल्यांदा सोय सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. नाताळच्या सकाळी हे लक्षात येऊन उपयोग नाही. विकतच्या ट्रॅकवर गाणी म्हटली की कॉपीराइटचा दावा येतो. पेटी-ढोलकीवर स्वतः गा. मात्र बाप्तिस्मा, साक्ष (देवाचा आलेला अनुभव मंडळीसमोर सांगणं) आणि लेकरांचे चेहरे लाइव्हवर कधीही नकोत. साक्ष देणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच गावात पाणी भरतो, त्याच दुकानात उधारी मागतो, त्याच वावरात मजुरीला जातो. आपल्याला मिळालेल्या लाइक्सची किंमत त्यानं का मोजावी? प्रभुभोजनाच्या वेळीही कॅमेरा खाली ठेवावा.

अर्पणासाठी क्यूआर कोड लावायचा तर तो मंडळीच्या बँक खात्याचा लावा, पाळकाच्या खात्याचा नाही. माणूस प्रामाणिक असला तरी हिशोब वेगळा दिसला पाहिजे. वर्षाच्या शेवटी पंचमंडळासमोर, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीसमोर, स्टेटमेंट ठेवता येतं. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे वेदीवरून वर्षातून दोनदा सांगा. आणि एक वाक्य मंडळीच्या अंगवळणी पाडा: ‘पाळक व्हॉट्सॲपवर पैसे मागत नाही, मागितले तर मला फोन करा.’ तुमचाच फोटो लावून नव्या नंबरवरून पैसे मागणं आता सर्रास चालतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

फेसबुकवर परदेशी ‘भाऊ’ भेटतो, महिनाभर प्रार्थना करतो आणि मग मदतीचं पार्सल पाठवतो; कस्टमचे पैसे तेवढे तुम्ही भरायचे. पार्सल नसतंच. खरी मदत असली तरी मंडळीच्या कामासाठीचा परदेशी पैसा स्वतःच्या खात्यात घेऊ नका. परदेशी देणग्यांवरच्या २०१० च्या एफसीआरए कायद्याप्रमाणे संस्थेला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की फोन गाडीच्या टाकीवरच्या पाऊचमध्ये ठेवू नका. तो तापून चार्जिंग थांबवतो आणि बॅटरी कायमची उतरते. १०,००० एमएएचचा पॉवर बँक प्रत्यक्षात ६,००० च्या आसपास देतो, म्हणजे आजचा ५,००० चा फोन एकदा भरतो, वर थोडं उरतं. लाइन गेल्यावर टॉवरही काही तासांत बसतो, तेव्हा फोन भरलेला असूनही उपयोग नसतो.

रात्री डू नॉट डिस्टर्ब लावा, पण त्यात दोन सवलती चालू ठेवा: निवडक नंबर, आणि १५ मिनिटांत दुसऱ्यांदा येणारा कॉल. मंडळीला सांगून ठेवा की खरंच नड असेल तर लगोलग दोनदा लावा. साप चावला, कळा सुरू झाल्या, तर आधी १०८, मग पाळक. घरभेटीला गेल्यावर मात्र फोन पिशवीत, पूर्ण बंद आवाजात. समोरची माउली रडत असताना खिशात थरथरणारा फोन तिलाही ऐकू येतो.

दुखवट्याचा मेसेज आधीच तयार ठेवा: नाव आणि गाव, घरून प्रार्थनेची वेळ, दफनभूमी, आणि संपर्कासाठी पाळक सोडून दुसऱ्या एकाचा नंबर. आपल्याकडे बहुधा त्याच दिवशी माती देतात, वेळ कमी असतो. साधा फोन असलेली घरं वडील मंडळींत वाटून द्या, एकेकाकडे पाच-सहा. ही यादी कागदावर सेक्रेटरीच्या घरी भिंतीला लावलेली असू द्या. वादळानं टॉवर गेला तर दोन पोरं गाडीवर तीच यादी घेऊन निघतील.