सलग अकरा शून्यं

लेखा विभागातल्या मॅडम सहसा कोणाच्या टेबलापाशी येत नाहीत. काही विचारायचं असेल तर दोन ओळींचा ईमेल, त्यात एक आकडा आणि खाली नाव. त्या दिवशी सकाळी मात्र त्या स्वतः आमच्या मजल्यावर आल्या. हातात छापील कागदांची चळत होती. माझ्यासमोर ती ठेवून म्हणाल्या, "हे शून्य जरा बघतोस का?"

अकरा दिवसांचे अहवाल होते आणि अकराही दिवशी शेवटच्या रकान्यात शून्य होतं. त्यांना त्यात काय खुपतंय तेच मला आधी कळेना.

आमचे ग्राहक ऑनलाइन पैसे भरतात. दिवसभरात कोणाकोणाचे पैसे जमा झाले याची फाइल रात्री पेमेंट गेटवेकडून येते. आमच्या डेटाबेसात पावत्यांचं टेबल आहे. दोन्हींचा ताळमेळ बसायला हवा. पण मध्येच नेटवर्क तुटतं, कोणी घाईने पान बंद करतं, आणि मग पैसे कापले जातात पण पावती बनत नाही. असे लटकलेले भरणे पूर्वी मॅडम हाताने शोधायच्या, दोन स्प्रेडशीट शेजारी ठेवून. पाच आठवड्यांपूर्वी ते काम मी स्क्रिप्टवर घेतलं. मी घेतलं म्हणजे चॅटबॉटला सांगितलं. चार-पाच मिनिटांत त्याने क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, दिली, तिच्याभोवतीचा पायथन कोड दिला, अहवालाचं सुबक कोष्टक दिलं आणि मी मागितल्यावर कोड तपासणाऱ्या आठ टेस्टही लिहून दिल्या. आठही हिरव्या, म्हणजे पास.

सुरुवातीला स्क्रिप्टने कामही चोख केलं. कधी तीन, कधी सात, कधी दोन तफावती. मॅडमनी त्या एकेक करून पडताळल्या, बरोबर निघाल्या. मग शून्यं येऊ लागली. आठवड्याच्या बैठकीत साहेबांनी "गळती थांबली" म्हणून माझं नाव घेतलं. मी मान खाली घालून नम्रपणे हसलो होतो, हे इथे सांगितलेलं बरं.

"शून्य आलं तर चांगलंच ना, मॅडम?"

"एखाद्या दिवशी आलं तर चांगलं. मी वीस वर्षं हेच काम करतेय. सलग दोन दिवस शून्य आलेलं मला आठवत नाही."

त्या गेल्या आणि मी जे केलं त्याची आता लाज वाटते. क्वेरी उचलली, चॅटबॉटच्या नव्या खिडकीत डकवली आणि विचारलं, "ही बरोबर आहे का?" उत्तर आलं: हो, क्वेरी बरोबर आहे, रचना स्पष्ट आहे, ज्या भरण्यांची पावती नाही तेच ती शोधते. खाली वेग वाढवण्यासाठी इंडेक्स कुठे लावावा, याचा सल्ला.

न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टातलं २०२३ सालचं प्रकरण मी स्वतःच नव्या मुलांना सांगत असतो. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे अर्जात घातले. ते निवाडे कुठल्याही कोर्टाने कधी दिलेलेच नव्हते. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. त्यातला मला सगळ्यात बोलका वाटलेला तपशील असा, की वकिलाने खात्री करून घेतली होती. कोणाकडून? त्याच चॅटजीपीटीकडून. हा निवाडा खरा आहे का, असं त्याने विचारलं, आणि यंत्राने हो म्हटलं. हे सांगताना मी दरवेळी हसतो. त्या सकाळी मीही तेच करत होतो, फक्त माझ्या अंगावर काळा डगला नव्हता.

मग मी लिहिलं, "आमच्या लेखा विभागाला वाटतं की यात चूक आहे." त्याबरोबर सूर बदलला. तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे, माझ्याकडून हे सुटलं, क्षमस्व. संदर्भ क्रमांकाच्या मागेपुढे रिकाम्या जागा असतील, त्या काढून टाका. दोन मिनिटांपूर्वी जी क्वेरी बरोबर होती ती मॅडमचं नाव घेताच चुकीची ठरली. क्वेरीत काहीच बदललं नव्हतं, बदलला होता तो माझा आवाज. समोरच्याला बरं वाटेल असं बोलण्याकडे या यंत्रांचा कल असतो, कारण कुठलं उत्तर माणसांना जास्त आवडलं यावरूनही त्यांना घडवलेलं असतं. ओपनएआयला एप्रिल २०२५ मध्ये आपल्या एका मॉडेलची नवी आवृत्ती याच कारणाने मागे घ्यावी लागली होती. ती फारच होयबा झाली होती. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी रिकाम्या जागा काढल्या. शून्यच.

पुढचं निदान: गेटवेची फाइल यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असेल आणि तुमचं टेबल स्थानिक वेळेत. हे ऐकून मी सरसावून बसलो, कारण फाइल खरोखरच यूटीसीत होती! दीड तास त्यात गेला. तारखांची रूपांतरं केली, मध्यरात्रीच्या आसपासच्या नोंदी तपासल्या. क्वेरी संदर्भ क्रमांक जुळवते, वेळ जुळवत नाही, हे एकदाही डोक्यात आलं नाही. शून्य जागचं हललं नाही. शेवटी त्याने एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं पॅकेज, सुचवली, खास अशा ताळमेळासाठीच बनवलेली म्हणे, आणि ती बसवण्याची आज्ञाही तयार करून दिली. मी आज्ञा चालवली. असं पॅकेज सापडत नाही.

सापडलं नाही हे माझं नशीबच म्हणायचं. अशी काल्पनिक नावं हा आता अभ्यासाचा विषय आहे. एका संशोधनात १६ मॉडेलांकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने लिहून घेतले, तर त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा अस्तित्वातच नव्हता. आणि तीच खोटी नावं पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे एखाद्या भामट्याने तसं नाव आधीच नोंदवून त्यात विषारी कोड भरून ठेवला, तर आज्ञा बिनबोभाट चालेल. याला स्लॉपस्क्वॉटिंग असं नावही पडलंय. मी ती आज्ञा पॅकेजचं पान न उघडता चालवली होती. आमच्या ज्युनियरने असं केलं असतं तर मी तिला चार शब्द सुनावले असते.

दुपारी आमच्या टीम लीड जागेवर आल्या. मी तोवर काय काय केलं ते मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. सकाळपासून आपण बरंच पुढे आलोय, असं मला अगदी प्रामाणिकपणे वाटत होतं. मेटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्याच प्रकल्पांतली २४६ कामं दिली होती, काही एआयच्या मदतीने करायला आणि काही मदतीविना. मदतीच्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. पण काम संपल्यावरही त्या मंडळींना वाटत होतं की आपला साधारण २० टक्के वेळ वाचला. ती कामं आणि ती साधनं वेगळी होती, पण चेहरा माझ्यासारखाच असणार.

लीडने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पावती नसलेला एखादा भरणा तुला माहीत आहे? नक्की माहीत असलेला?"

मला माहीत नव्हता. मॅडमना फोन केला. त्यांच्याकडे कालचीच तक्रार होती: ग्राहकाचे पैसे कापले गेले होते, पावती नव्हती. त्यांनी संदर्भ क्रमांक वाचून दाखवला. लीडने माझ्या कीबोर्डवर हात ठेवला आणि डेटाबेसला विचारलं, हा क्रमांक पावत्यांच्या यादीत आहे का? एकही ओळ आली नाही. ठीकच. मग उलटं विचारलं, हा क्रमांक यादीत नाही का? एकही ओळ आली नाही.

क्रमांक यादीत आहेही नाही आणि नाहीही नाही. मी खुर्ची पुढे ओढली.

"नल," लीड म्हणाल्या. "या रकान्यात कुठेतरी नल आहे."

एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहिण्याच्या भाषेत, नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामी अक्षरंही नव्हेत. नल म्हणजे इथली किंमत माहीत नाही. एखाद्या क्रमांकाची नलशी तुलना केली तर उत्तर खरं येत नाही, खोटंही येत नाही, तिसरंच येतं: अज्ञात. आमच्या क्वेरीत 'नॉट इन' होतं, म्हणजे 'यादीत नसलेले'. ते लिहिलं की डेटाबेस यादीतल्या प्रत्येकाला विचारतो, हा तू नाहीस ना? हजार जण छातीठोकपणे नाही म्हणतात आणि एक नल म्हणतो, काय सांगू, असेनही. त्या एका 'असेनही'ने सगळा निकाल अज्ञात होतो. आणि क्वेरी फक्त 'खरं' असलेल्या ओळी दाखवते. एक नल पुरतो. यात बिघाड काहीच नाही, भाषेचा नियमच तसा आहे.

नल आले कुठून? बारा दिवसांपूर्वी दुसऱ्या टीमने रोखीच्या आणि चेकच्या पावत्या याच टेबलात आणल्या होत्या. त्या पावत्यांना ऑनलाइन संदर्भ क्रमांक असणार कुठून? रकाना रिकामा. त्या रात्रीपासून आमची स्क्रिप्ट रोज इमानेइतबारे चालत होती आणि रोज शून्य सांगत होती. ती बंद पडली असती तर पहिल्याच सकाळी कळलं असतं.

'नॉट इन'च्या जागी 'नॉट एक्झिस्ट्स' घातलं. जुळणारी पावती आहे की नाही एवढंच ते बघतं, नल आडवा येत नाही. चाळीस सेकंदांचं काम. अकरा दिवसांच्या ५२ तफावती बाहेर आल्या. ५२ माणसांचे पैसे आमच्याकडे पडून होते आणि आम्ही बैठकीत टाळ्या घेत होतो.

संध्याकाळी मी चॅटबॉटला नव्याने विचारलं, 'नॉट इन'च्या यादीत नल आला तर काय होतं? पहिल्याच परिच्छेदात नेमकं उत्तर, उदाहरणासकट, पर्यायासकट. मला राग आला. ठाऊक होतं तर सकाळी बोलला का नाहीस? असं यंत्राला मनातल्या मनात विचारलंही. मग काहीतरी सुचून पाच आठवड्यांपूर्वीचं जुनं संभाषण उघडलं.

तिथे ते लिहिलेलं होतं. क्वेरीच्या खाली, कोडच्या खाली, 'लक्षात ठेवण्याजोग्या बाबी' या मथळ्याखाली सात टीपा होत्या. पाचवी टीप: या रकान्यात नल येण्याची शक्यता असेल तर 'नॉट एक्झिस्ट्स' वापरा. तिच्या वर पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, लॉग ठेवा, बॅकअप घ्या अशा नेहमीच्या सूचना. मी दुसऱ्या टीपेपर्यंत वाचून खाली सरकलो असणार. माणूस सहकारी असता आणि त्याला खरीच भीती वाटत असती, तर त्याने ती एकच गोष्ट सांगितली असती, आणि कदाचित दोनदा. इथे सातही बाबी एकाच सुरात होत्या. शिवाय त्याच यंत्राने त्याच दिवशी आठ टेस्ट लिहिल्या आणि एकीतही नल घातला नाही. स्वतःच लिहिलेल्या पाचव्या टीपेचा त्याला पत्ताच नसावा. टेस्ट हिरव्या आल्या म्हणून मी निश्चिंत, आणि टेस्ट लिहिणारा कोण, तर क्वेरी लिहिणाराच. पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच.

मी त्याला वापरणं सोडलेलं नाही. एरर मेसेजचा अर्थ विचारतो, अनोळखी भाषेतला कोड समजावून घेतो, कंटाळवाणा साचेबंद कोड तर सरळ त्याच्याच माथी मारतो. तिथे चुकलं की लगेच दिसतं: प्रोग्राम ओरडतो, पान फाटतं. पण आता ताळमेळ, हिशेब, परवानग्या, काही पुसून टाकणारी आज्ञा असं काही आलं की हात थबकतो. तिथलं चुकीचं उत्तर दिसायला बरोबर उत्तरासारखंच असतं. आणि ते आपल्याला हवं असलेलंच उत्तर असेल तर मी दुसऱ्यांदा बघणार नाही, हे मला माझ्याबद्दल आता कळलंय. यंत्राबद्दल नवीन असं त्या दिवशी फार काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ५२ नोंदींची यादी घेऊन मी मॅडमकडे गेलो आणि काय झालं ते सांगितलं. नल, तीन प्रकारची उत्तरं, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "ते तुझं तू बघ. मला एवढं सांग, उद्या पुन्हा असं झालं तर मला कसं कळणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्याकडे होतं. "रोज रात्री त्या फाइलमध्ये एक खोटा भरणा घाल. पावती नसलेला, आपल्यालाच ठाऊक असलेला. सकाळी तो यादीत दिसला तरच मी बाकीचं बघेन."

दोन तासांत ते बसवलं. क्वेरी, टेस्ट, चॅटबॉट यांतल्या कशाचाच संबंध नसलेली एक साधी ओळ फाइलमध्ये जोडायची. टेस्टमध्ये एक नलही घातला, तो मात्र मी स्वतः लिहिला.

पुढच्या सकाळी अहवालात पाच तफावती होत्या. मॅडमनी पेन्सिलीने पहिल्या चारांवर खुणा केल्या, पाचव्यापाशी थांबल्या, क्रमांक पाहिला आणि म्हणाल्या, "हा आपला."